पाटलांच्या पिस्तुलाचं मोल

लातूरहून शैलजाताईंचं पत्र आलं. चारच ओळी होत्या. 'आई गेली. शेवटपर्यंत शांत होती. तुम्ही तेव्हा लिहायचं नाही म्हणून कबूल केलं होतं. आता लिहायला हरकत नाही.' म्हणून लिहायला बसले.

आधी माझं सांगते. कोल्हापुरात आमचं बंदुकांचं दुकान. दुरुस्ती, विक्री, आणि कोर्टाला किंवा वारसांना लागतो तो किमतीचा दाखला. आमचे हे गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला, त्याला आता जमाना झाला, तरी अजून गिऱ्हाईक आत आलं की माझ्या डोक्यावरून मागं बघतं आणि विचारतं, "मालक कुठायत?" मी म्हणते, "फोटोत हायत, बोला." ह्यांनी मला काम शिकवलं आणि एकच नियम घालून दिला. दुकानाच्या कागदावर खोटी ओळ लिहायची नाही. बंदूक मेलेली असेल तर मेलेली लिहायचं, मग समोर आमदार असो नाहीतर मेहुणा.

आणि माझा एक नाद आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराकडं उरलेली पिस्तुलं विकायला निघाली होती. खरं तर बरीचशी रिव्हॉल्व्हर, पण लोक पिस्तूलच म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्या अंगावर सरकारी बाणाचा शिक्का असतो. सरकारनं विकून टाकलं की त्या बाणाच्या टोकाला टोक लावून दुसरा बाण मारायचे. असे दोन बाण दिसले की मला दुसरं काही सुचत नाही. घरात कुणी साड्यांची यादी ठेवतं, मी पिस्तुलांची वही ठेवते.

त्या वर्षी नांदेडहून एका जुन्या वकीलसाहेबांचं बोलावणं आलं आणि लातूरहून शैलजाताईंचं. दोन्हीकडं लढाईतला माल. लातूरच्या भूकंपाला आठ वर्षं झाली होती. मी पिशवीत भिंग, मापं, लाकडी हातोडी टाकली आणि सुनेला सांगितलं, "खंडेनवमीच्या आत येते."

नांदेड

वकीलसाहेब देशपांडे, पण शिकलेले निजामाच्या काळात, उर्दूतून. बोलणं असं की ऐकत राहावं. सकाळी सकाळी त्यांच्या घरी सुशीला खाल्ली. आमच्याकडं सुशीला म्हणजे शेजारीण. इथं भिजवलेल्या चुरमुऱ्यांना दाण्याच्या कुटाची फोडणी देतात, त्याला सुशीला म्हणतात. दोन बशा खाल्ल्या, लाजले नाही.

मग साहेबांनी मखमलीची पेटी उघडली. "वहिनी, हा आमचा हिरा. जपानी अफसराचा. ब्रह्मदेशच्या लढाईतून आलेला, खालिस माल."

हिराच होता तो. असा लखलखत होता की त्यात मला माझं कुंकू दिसलं.

"साहेब, हे घासलं कशानं?"

"चिंचेनं. वरून रांगोळी. दर खंडेनवमीला, आमच्या घरातून स्वतः करतात." वकिलीणबाई दारात उभ्या होत्या, त्या लाजून हसल्या.

आता गं बया! पिस्तुलाचा मूळचा काळसर निळा रंग म्हणजे त्याचं कातडं. चाळीस वर्षं त्या माउलीनं ते तांब्याच्या घंगाळासारखं घासलं होतं. शिक्के गेले, आकडे गेले, कारखान्याची खूण गेली. मी सांगितलं, "निम्म्याहून कमी धरा."

"म्हणजे चीज साफ ठेवली हा गुन्हा झाला?"

"पिस्तुलाच्या बाबतीत झाला."

साहेबांनी पेटी पटकन मिटली. दुसरा चहा आलाच नाही. मी तसाच दाखला लिहून दिला आणि निघाले, तेव्हा दारापर्यंत सोडायला मात्र आले. मी लातूरला चालले कळल्यावर चेहरा बदलला.

"ते पाटलांचं? मी गेलो होतो पाहायला. हात नाही लावला."

"का बरं?"

"आपण पिस्तूल पाहायला जातो वहिनी. तिथं मला वाटलं, ते घरच मला पाहून राहिलंय. तबियत घाबरली. निघून आलो." एवढं बोलून ते उगाच हसले आणि माझी पिशवी रिक्षात ठेवली.

लोह्यावरून

एसटी लोह्याला बंद पडली. कंडक्टर म्हणाला, "लई न्हाई, पाच मिन्टं." दीड तास गेला. स्टँडवर मिरचीची भजी खाल्ली. कोल्हापूरची असून डोळ्यांत पाणी आलं, पण ते कुणाला दाखवलं नाही. गाडीच्या टपावर पत्र्याच्या पेट्या आणि गाद्यांच्या वळकट्या होत्या. सगळी पोरं लातूरला क्लासला निघालेली. माझ्याजवळ एक बाई बसली होती, भोकरकडची. लेकीला सोडायला चालली होती.

"डॉक्टर व्हणार हाय," तिनं सांगितलं. "तुमचं कोन हाय क्लासला?"

"कुणी नाही. पिस्तूल बघायला चाललेय."

ती हळूच पोरीला घेऊन मागच्या बाकावर गेली. खरं बोललं की असं होतं.

लातूर

लातुरात दुपारी उतरले आणि अंगावर शहारा आला. रस्ते रिकामे, आणि भिंती माणसांनी भरलेल्या. जिकडं बघावं तिकडं क्लासचे फलक, त्यांवर पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो, ओळीनं, एकसारखे, सगळे समोर बघणारे. खरी पोरं मात्र आत कोंडलेली. एका बोळातून जाताना सगळ्या खिडक्यांतून एकच आवाज येत होता, शंभर जण एकदम काहीतरी पाठ म्हणत असल्यासारखा. माणूस एकही दिसत नव्हता.

शैलजाताई अशाच एका क्लासात रसायनशास्त्र शिकवायच्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, उंच, बोटांना खडू. बोलणं मोजकं. त्यांच्या टेबलावर तांब्या पालथा घातला होता आणि त्याच्या बुडावर स्टीलचा पेला उभा. मी सवयीनं तो सरळ करायला गेले तर त्या ओरडल्याच, "राहू द्या!" मग ओशाळून म्हणाल्या, "भूकंपानंतरची सवय. जमीन हलली की आधी पेला पडतो. आवाजानं कळतं." संध्याकाळी मी बघत गेले, तर गल्लीतल्या जुन्या घरांत कोनाड्यांतून असेच पेले उभे होते. आमच्याकडं लिंबू-मिरची टांगतात. इथं पेला उभा करतात.

त्यांनी हकीकत सांगितली. वडील अण्णा. लढाईत लष्करी गाड्यांचे मेकॅनिक, पुढं गावचे पोलीस पाटील. पिस्तूल त्यांनी लढाईनंतरच्या विक्रीत घेतलेलं, रीतसर परवान्यावर. भूकंपात घर बसलं. ताई लातुरात होत्या, म्हणून वाचल्या. आईला दुसऱ्या दिवशी जिवंत काढलं. अण्णा तिसऱ्या दिवशी सापडले ते गेलेलेच, आणि त्यांच्या हातात पिस्तूल होतं.

"ते पोलिसांत जमा झालं. आत चिखल भरून असं घट्ट झालेलं की उघडेना, म्हणून तसाच पंचनामा केला. वारस म्हणून परवाना व्हायला इतकी वर्षं गेली. आता घरी आलंय. तुम्ही उघडा."

"आणि किंमत?"

"तीही लिहा," त्या म्हणाल्या. लिहा म्हणताना त्यांचं लक्ष दुसरीकडंच होतं, हे मला तेव्हाच खटकलं.

गाव

गावाचं नाव लिहीत नाही. औशापुढं निलंग्याच्या अंगाला आहे. दुसऱ्या दिवशी ताईंबरोबर रिक्षानं जाताना जुनं गाव लागलं. रस्त्याच्या कडेला बाभळी माजल्या होत्या, आत दगडांचे ढीग, आणि त्या ढिगांमध्ये एक दार चौकटीसकट उभं. मागं घर नाही, पुढं अंगण नाही. दाराला कडी लावलेली. मी विचारलं, "ही कडी कुणी लावली?"

रिक्षावाला म्हणाला, "कोन लावनार? पहिल्यापास्नंच हाय." आणि त्यानं रिक्षा जोरात पळवली.

नवं गाव तिथून कोसभर. सगळी घरं सारखी, रांगेत, दारांवर आकडे. बाहेर सोयाबीनच्या राशी, आत शुकशुकाट. ताईंच्या आई एकट्या तिथं राहायच्या. लातूरला येत नव्हत्या, पाय अधू असून. बारीक चण, पांढरे केस, आणि ते केस असे कोरडे, भुरभुरलेले, की मला आधी वाटलं आजारी आहेत.

"आलात व्हय कोल्हापूरच्या? बसा माय. आदी जेवा."

जेवण वाढलं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, वांगं भाजून त्यात मीठ-मिरची. चटणी कोरडी. सगळ्यात तेलाचा थेंब नाही. आम्ही कोल्हापूरचे, तर्री नसेल तर ताटाकडं बघत नाही. मी मनात म्हटलं, एवढी करडई पिकवणारा मुलूख, आणि पाहुण्याला फोडणी नाही? कंजूषपणाची हद्द झाली. गिळलं कसंतरी. पलीकडं कोनाड्यात पालथ्या तांब्यावर पेला होताच. समोर देवापुढं निरांजन होतं, त्यात तूप.

वाऱ्यानं फाटकाची कडी आपटली. टक्.

"अकरा," म्हातारी म्हणाली, आणि माझ्या ताटात भाकरी टाकली. मला वाटलं, भाकऱ्या मोजतायत.

जेवणानंतर त्या आतल्या खोलीत आडव्या झाल्या. ताईंनी मागच्या अंगणात चटई टाकली आणि पिस्तूल आणून दिलं. पोलिसांचं कापड अजून तसंच होतं. उन्हं लख्ख, दोनचा सुमार, चिमणीसुद्धा ओरडत नव्हती.

काय देखणं होतं ते! चिखलाखाली निळा रंग शाबूत. घोड्याजवळ दोन बाण टोकाला टोक लावून. ह्याला कुणी घासलं नव्हतं, चिंच लावली नव्हती. माझ्या वहीतलं सगळ्यांत चांगलं पिस्तूल मला मातीत पुरलेलं मिळालं होतं. खोटं कशाला बोलू, मी हरखले. नळी भिंतीकडं केली, सांध्यांतला चिखल काडीनं कोरला, आणि खटक्यावर लाकडी हातोडीनं हळूच मारत गेले. एक, दोन, तीन वेळा. चौथ्याला खटका सुटला. टक्.

"अकरा," आतून आवाज आला.

माझा हात थांबला. ताई माझ्याकडं बघत नव्हत्या.

"काय मोजतात त्या?"

"असा आवाज झाला की म्हणते. कडी, पेला, काहीही. नेहमी अकराच." ताई हळू बोलत होत्या. "ती सांगते, दोघांच्या मध्ये भिंत पडली होती. अण्णांना बोलता येत नव्हतं, आणि ते पलीकडून ठोकत होते. वरून माणसं चालायची, पाऊस होता, कुणाला ऐकू गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, धक्क्यानं असे भास होतात. मीही तेच म्हणत आले."

मी पिस्तूल मधून मोडून उघडलं. सहा घरं, सहा काडतुसं, सहाही भरलेली. एकही उडालेलं नाही. ती एकेक काढून मी रुमालावर ठेवली आणि भिंग लावलं. काडतुसाच्या बुडाला मध्ये टिकली असते. घोडा तिच्यावर आपटतो तेव्हा बार होतो. बार नाही झाला तरी टिकलीवर खड्डा पडतो, तो जन्मात जात नाही.

सहाही टिकल्यांवर खड्डे होते. चारांवर दोन-दोन. दोनांवर एकेक.

मी दोनदा मोजलं. मग ताईंना भिंग दिलं. त्यांनी मोजलं. त्यांचे ओठ हलत होते. दहाला येऊन त्या थांबल्या, आणि अकरा काय होतं ते आम्हा दोघींना एकदम कळलं. अण्णांनी सहाही घरं एकदा फिरवली होती, चार दुसऱ्यांदा. बार काढून हाक मारायला. ते ठोकणं नव्हतंच, घोड्याचा टक् होता. भिंतीपलीकडं ती बाई पडल्यापडल्या मोजत होती, आणि आठ वर्षं अकराव्याची वाट बघत होती.

"उडाली का नाहीत?" ताईंनी विचारलं.

टिकलीच्या कडेनं पिवळट, चिकट कड धरली होती. मी नखानं खरवडून वास घेतला. इतक्या वर्षांनीही ओळखू आला. खवट करडई. मी काही बोलायच्या आत ताईंनी दुसरं काडतूस उचलून नाकाशी नेलं, आणि डोळे मिटले.

खंडेनवमीला हत्याराची पूजा आमच्याकडंही होते. पण काडतुसांना कुणी तेल लावत नाही. तेल टिकलीत झिरपलं की आतली दारू मरते. ताईंनी सांगितलं, अण्णा काडतुसं देव्हाऱ्यात ठेवू द्यायचे नाहीत. ते बाहेर गेले की आई चोरून त्यांना तेलानं न्हाऊ घालायची. म्हणायची, हत्याराला तेल आणि त्याच्या पिल्लांना कोरडं ठेवायचं व्हय? भूकंपानंतर वर्षभरानं फौजेतला एक भाचा सहज बोलून गेला, मामी, तेलानं काडतूस मरतं. त्या दिवसापासून तिनं तेल सोडलं. खायचं, लावायचं, दिव्यातलं, सगळं.

ते कोरडं वांगं आठवलं. कंजूष म्हणाले होते मी तिला.

"वहिनी, मी केमिस्ट्री शिकवते," ताई म्हणाल्या. "वास घ्यायची गरज नव्हती मला. मला माहीत होतं. पण माझं ती ऐकत नाही. म्हणते, तू लेक हाईस, तू खोटं बोलशील. बाहेरच्या माणसाचा, शिक्क्याचा कागद पाहिजे तिला. लिहा, की काडतुसं लढाईतली, जुनी होऊन मेली. तेलाचा संबंध नाही."

मी भडकले. "म्हणजे मला मोल करायला नाही, खोटी सही करायला बोलावलंत? एवढ्या लांब? आमच्या ह्यांच्या दुकानाचा कागद आहे तो! कालच एका भल्या माणसाला त्याच्या तोंडावर खरं सांगून, चहा सोडून आलेय मी!"

ताई रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नवरात्र आठ दिवसांवर आलंय. पिस्तूल घरात आहे. ह्या खंडेनवमीला ती काय करेल, मला माहीत नाही."

उन्हात ती सहा काडतुसं एका ओळीत चकाकत होती. ह्यांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. दुकानातल्या फोटोतलाच आला. मग पिशवीतून कागद काढला. आधी खरं ते लिहिलं. बनावट, आकडा, दोन बाण, रंग उत्तम. किमतीच्या जागी चांगली भरभक्कम रक्कम लिहिली. त्याखाली लिहिलं, 'काडतुसे युद्धकाळातील. वयोमानाने निकामी. अन्य कारण आढळले नाही.' सही केली, शिक्का मारला. तो वाकडा उठला.

आत गेले. म्हातारी जागीच होती. मी कागद वाचून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं तो हातात घेतला आणि शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"किती येळा मारलं त्यांनी?"

"दहा वेळा."

"दहा," ती म्हणाली. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचा आकडा कबूल केला होता. तिनं मान हलवली. "म्हंजी मी येडी न्हाई."

"नाही आई. तुम्ही बरोबर मोजलंत."

"आन् उडालं न्हाई ते... तेलानं न्हाई?"

ताई दारात उभ्या होत्या. म्हातारी माझ्या डोळ्यांत बघत होती, आणि मला वकीलसाहेबांचं बोलणं आठवलं. घर माझ्याकडं बघत होतं.

"नाही," मी म्हटलं. "लढाईचा माल तो. आधीच मेलेला होता. तुमचं तेल लागलं न लागलं, सारखंच."

बाहेर फाटकाची कडी वाजली, टक्. म्हातारी काही म्हणाली नाही.

मग लेकीला म्हणाली, "शैले, तेल हाय का गं घरात?"

घरात कुठलं असणार? ताई अनवाणी शेजारी पळाल्या आणि वाटीभर करडईचं तेल घेऊन आल्या. वाटी मी त्यांच्या हातातून घेतली. म्हातारीच्या मागं बसले, तळहातावर तेल घेतलं आणि तिच्या टाळूवर ओतलं. ते तिथंच जिरून गेलं. परत ओतलं, परत जिरलं. वाटी संपत आली तरी ती टाळू तेल पीतच होती.